जुने हॉर्न स्पीकर सुधारताना: कुठून सुरुवात करायची आणि कशाला हात लावायचा नाही

जुन्या हॉर्न स्पीकरची (ज्यांत कर्ण्यासारखा हॉर्न आवाज बाहेर फेकतो) जोडी घरी आली की लगेच दोन सल्ले कानावर पडतात. एक म्हणतो, सगळे कॅपॅसिटर बदलून टाका. दुसरा म्हणतो, कशालाच हात लावू नका, किंमत उतरेल. दोन्ही सल्ले अर्धेच खरे आहेत. क्लिप्शहॉर्न, ला स्काला, आल्टेकची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिका, जेबीएलचे मोठे कम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या घशाशी बसून आवाज निर्माण करणारा भाग) लावलेली कॅबिनेट, ही सगळी यंत्रं आता कित्येक दशकं जुनी आहेत आणि त्यांच्या आवाजातले बरेचसे दोष मूळ आराखड्यातले नाहीत, वयाचे आहेत. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: आधी दुरुस्ती, मग मोजमाप, त्यानंतर बदल. आणि बदल असा करा की उद्या मूळ स्थितीत परत जाता यावं.

हॉर्नच्या बाबतीत हा क्रम पाळणं जास्त महत्त्वाचं, कारण हे स्पीकर फार संवेदनशील असतात. क्लिप्शहॉर्न १ वॅटला १ मीटर अंतरावर साधारण १०४ डेसिबल आवाज देतो. नेहमीचा छोटा बॉक्स स्पीकर ८८ च्या आसपास असतो. मधला १६ डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत ४० पट. अॅम्प्लिफायरची बारीक फुसफुस, ढिला स्क्रू, एक डेसिबलची चूक, जे इतरत्र लपून जातं ते इथे स्पष्ट ऐकू येतं.

हाताशी काय हवं

- मल्टीमीटर, आणि जमल्यास एलसीआर मीटर (कॉइल, कॅपॅसिटर आणि रोध मोजणारा)
- मोजमापाचा मायक्रोफोन आणि संगणकावर ‘रूम ईक्यू विझार्ड’ (हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं)
- सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, डिसोल्डरिंग पंप
- पितळी किंवा चुंबकाला न चिकटणारे स्क्रूड्रायव्हर
- मास्किंग टेप, पातळ पुठ्ठा, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- हातमोजे, मास्क, चष्मा
- दीड व्होल्टचा एक सेल
- तुमच्या मॉडेलच्या क्रॉसओव्हरचा (स्वर विभागून वेगवेगळ्या ड्रायव्हरला पाठवणाऱ्या सर्किटचा) मूळ आराखडा
- वही. ही सगळ्यात जास्त लागते.

## १. आधी ओळख पटवा

मागची फळी उघडा, पण काहीही सोडवू नका. प्रत्येक ड्रायव्हरचा, क्रॉसओव्हरचा आणि वायरिंगचा फोटो घ्या. कोणत्या रंगाची वायर कुठे जाते हे चिठ्ठ्या चिकटवून लिहा. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा तपासा. इतक्या वर्षांत कुणीतरी एका बाजूचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा ड्रायव्हर) बदललेला असतो, किंवा एकीकडे वेगळ्या पिढीचा क्रॉसओव्हर बसवलेला असतो.

आल्टेकच्या बाबतीत एक सापळा नेहमीचा. ५११बी हॉर्न ५०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरसाठी आहे आणि ८११बी ८०० हर्ट्झसाठी. दोन्हींवर तोच १ इंची घशाचा ड्रायव्हर बसतो, त्यामुळे अदलाबदल सहज होते. ८११बी जर ५०० हर्ट्झवर चालवला, तर खालच्या स्वरांना हॉर्नचा आधार मिळत नाही. डायफ्राम (ड्रायव्हरमधला थरथरणारा पातळ पडदा) प्रमाणाबाहेर हलतो, आवाज कर्कश होतो आणि एक दिवस डायफ्राम तुटतो. तुमच्या जोडीत हॉर्न आणि क्रॉसओव्हर एकमेकांचे आहेत ना, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

## २. मल्टीमीटरने तपासणी

प्रत्येक ड्रायव्हर क्रॉसओव्हरपासून सुटा करून रोध मोजा. ८ ओहमचा वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर) मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवेल, १६ ओहमचा साधारण ९ ते १२. अनंत रोध म्हणजे ड्रायव्हरमधली कॉइल तुटली. आकडा बदलत राहिला तर जोड ढिला आहे.

वूफरची ध्रुवता (धन-ऋण दिशा) सेलने क्षणभर स्पर्श करून बघता येते: सेलचं धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) बाहेर यायला हवा. मात्र जुन्या जेबीएल वूफरमध्ये कंपनीचाच संकेत उलटा होता, तिथे कोन आत जातो. तो दोष नाही, पण एका बाजूला जुना जेबीएल आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून नव्याने कोन बसवलेला असेल तर दोघांची दिशा जुळवून घ्यावी लागते. कम्प्रेशन ड्रायव्हरवर सेल वापरू नका.

फोमची कड असलेले वूफर बोटाने हलकेच दाबून बघा. फोम चिकट किंवा भुगा झालेला असेल तर कड बदलल्याशिवाय ते वाजवू नका. कापडी कडेचे वूफर मात्र अनेकदा आजही ठणठणीत असतात. त्यांना उगाच नवा कोन बसवायला देऊ नका.

## ३. कॅबिनेट: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम

बेस हॉर्न असलेल्या कॅबिनेटमध्ये आतला दाब जबरदस्त असतो आणि तो बाजूच्या फळ्या हलवतो. ला स्कालाच्या बेस हॉर्नच्या दोन उभ्या बाजू आणि आल्टेकच्या ८२५ कॅबिनेटच्या मोठ्या फळ्या ही ओळखीची उदाहरणं. ६० ते ३०० हर्ट्झचा सावकाश चढणारा स्वर वाजवा आणि तळहात फळीवर ठेवून फिरवा. जिथे फळी हाताखाली झणझणते तिथे खडूने खूण करा. त्या खुणांना जोडणारे लाकडी आधार द्या. आधार आतून देता आले तर उत्तम, पण बेस हॉर्नच्या आवाजाच्या मार्गात काहीही घुसवू नका. अपवाद ला स्कालाचा: तिथे मार्गाच्या तोंडाशी दोन बाजूंना जोडणारी एकच अरुंद आडवी पट्टीही बराच फरक पाडते.

आधार कायमचे चिकटवण्याआधी क्लॅम्पने तात्पुरते बसवून पुन्हा तोच स्वर वाजवा. फरक हाताला कळला तरच चिकटवा.

मग फटी. वूफरपर्यंत पोहोचायच्या झाकणाखालचं जुनं गॅस्केट कडक होऊन चपटं झालेलं असतं. तिथे बंद पेशींच्या फोमची नवी पट्टी लावा. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं सांध्यांवरून फिरवलं की गळणारी हवा ‘फुस्स’ करून स्वतः जागा दाखवते. क्लिप्शहॉर्नच्या मागच्या कडा भिंतीला टेकतात तिथेही हाच नियम, कारण त्या आराखड्यात खोलीचा कोपरा हाच हॉर्नचा शेवटचा भाग आहे. भिंत आणि कॅबिनेट यांत बोटभर फट राहिली की बेसचा जोर तिथेच निसटतो.

## ४. कम्प्रेशन ड्रायव्हर उघडायचा असेल तर

पहिला प्रश्न: उघडायलाच हवा का? दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर एकाच हॉर्नवर, एकाच जागी, एकाच पातळीवर मोजा. आलेख एकमेकांवर बसले आणि हळू चढत्या स्वरात खरखर नसेल, तर झाकण बंदच राहू द्या.

एक बाजू सगळ्या पट्ट्यात सारखीच दबलेली असेल आणि रोध बरोबर असेल, तर संशय चुंबकावर घ्या. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) चुंबक जोरदार आदळल्याने किंवा चुंबकीय मंडल मोडल्याने ताकद गमावतो. तो कार्यशाळेत पुन्हा चुंबकित करता येतो. डायफ्राम बदलून हा दोष जाणार नाही, आणि अनेक जण नेमका इथेच पैसा वाया घालवतात. म्हणून अल्निकोचा पोल पीस (चुंबकाचा मधला लोखंडी गाभा) घरी कधीही सोडवू नका.

फक्त वरच्या स्वरांत फरक असेल किंवा खरखर असेल, तर मात्र उघडावं लागतं. टेबल आधी ओल्या कापडाने पुसून घ्या. लोखंडाचा एक कण चुंबकाच्या फटीत गेला की तो आपोआप बाहेर येत नाही. पोलादी हत्यारं हाताच्या टप्प्यात ठेवू नका: ती ओढली जाऊन थेट डायफ्रामवर आदळतात.

मागचं झाकण काढल्यावर आतला फोम बघा. जुन्या ड्रायव्हरमध्ये तो बऱ्याचदा काळा, तेलकट चिखल झालेला असतो आणि त्याचे तुकडे डायफ्रामच्या घुमटावर पडलेले असतात. झाकण अल्कोहोलने साफ करून तेवढ्याच जाडीचा नवा फोम लावा. डायफ्रामचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करा. डायफ्राम कडेच्या रिंगला धरून सरळ वर उचला. घुमटाला बोट लावू नका. अॅल्युमिनियम इतकं पातळ असतं की बोटाचा ठसा खळगा म्हणून कायम राहतो.

आता चुंबकाची फट. पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीवर मास्किंग टेप अशी गुंडाळा की चिकट बाजू बाहेर येईल. ती फटीत घालून गोल फिरवा, बाहेर काढा, टेपवर काय आलं ते बघा. पहिल्या फेरीला राखाडी भुकटी, लोखंडी कण, कधी कॉइलच्या जुन्या वार्निशचे पापुद्रे येतात. टेप स्वच्छ येईपर्यंत नवीन पट्टी घेत राहा. घाई करू नका. या एका कामाने आवाजातली जी कडवट खरखर जाते, ती कुठल्याही महागड्या कॅपॅसिटरने जाणार नाही.

डायफ्राम परत बसवताना काही ड्रायव्हरमध्ये जागा ठरवणाऱ्या खुंट्या असतात, काहींत नसतात. नसतील तर स्क्रू अर्धवट आवळून अगदी हळू आवाजात ४०० ते २००० हर्ट्झचा चढता स्वर वाजवा. घासण्याचा आवाज आला की रिंग केसभर सरकवा आणि पुन्हा ऐका. स्वर स्वच्छ आला की स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळा, आणि शेवटी पुन्हा एकदा ऐका.

डायफ्राम बदलायचाच असेल तर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा, एकाच वेळी बदला. एकीकडे मूळ आणि दुसरीकडे नक्कल ठेवली की वरच्या सप्तकात दोघांचं जमत नाही आणि गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही. धातूही बघा: टायटॅनियम मजबूत असतं, पण त्याचा वरचा स्वर अॅल्युमिनियमपेक्षा जास्त धारदार येतो. माझी पसंती मूळ धातूलाच.

## ५. क्रॉसओव्हर

सुरक्षितता आधी. धातूच्या डब्यातले जुने तेलाचे कॅपॅसिटर पीसीबी नावाच्या विषारी तेलाने भरलेले असू शकतात. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. त्याआधीचा डबा पाझरत असेल तर हातमोज्यांशिवाय शिवू नका, फोडू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडेच द्या.

कॅपॅसिटर मोजताना त्याचं एक टोक सर्किटमधून सोडवा. साधा मल्टीमीटर जुन्या, गळक्या कॅपॅसिटरचं मूल्य बरेचदा जास्तच दाखवतो, म्हणून एलसीआर मीटरवर अंतर्गत रोधही बघा. नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक असतील तर न मोजताही बदला. ते सुकतातच.

त्याच मूल्याचे पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर घ्या आणि डाव्या-उजव्या जोड्या एक-दोन टक्क्यांच्या आत जुळवा. महागड्या नावांच्या मागे लागू नका. जुळलेली साधी जोडी न जुळलेल्या महागड्या जोडीपेक्षा चांगली वाजते.

बदलल्यावर आवाज एकदम उजळ आणि टोचरा वाटला तर घाबरू नका. जुन्या कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढलेला होता आणि तो गुपचूप ट्वीटर दाबून ठेवत होता. ८ ओहमच्या ड्रायव्हरपुढे २ ओहमचा जास्तीचा रोध म्हणजे जवळपास २ डेसिबलची घट. नवा कॅपॅसिटर ती काढून टाकतो. काही दिवस ऐका. नाहीच पटलं तर अर्ध्या ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकून पाहा.

क्रॉसओव्हरमधल्या कॉइलच्या बाबतीत उलटा सापळा आहे. वूफरपुढची लोखंडी गाभ्याची कॉइल काढून हवेच्या गाभ्याची ‘शुद्ध’ कॉइल टाकायची फॅशन आहे. त्याच मूल्यासाठी हवेच्या कॉइलला तार बरीच जास्त लागते, त्यामुळे तारेचा रोध वाढतो, बेसची पातळी उतरते आणि त्याच्यावरची पकड सैल पडते. टाकायचीच असेल तर जाड तारेची घ्या. आणि शेजारच्या कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवा.

क्लिप्शच्या ‘टाइप एए’ क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या रक्षणासाठी झेनर डायोड आहेत. ते काढले की मोठ्या आवाजात वरचे स्वर मोकळे होतात हे खरं, पण नाजूक ट्वीटरचं संरक्षणही जातं. घरात मध्यम आवाजात ऐकणाऱ्यांनी काढायला हरकत नाही. पार्टीत वाजवणाऱ्यांनी काढू नयेत.

## ६. हॉर्न घंटेसारखा वाजतोय का?

ड्रायव्हर जागेवर असताना धातूच्या हॉर्नच्या बाहेरच्या बाजूवर बोटाच्या पेराने टकटक करा. ‘टण्ण’ असा लांबणारा नाद आला तर तोच नाद प्रत्येक तानेत, प्रत्येक ट्रंपेटच्या फुंकीत मिसळतो आहे. ओतीव ५११बी आणि ८११बी या बाबतीत प्रसिद्ध आहेत.

उपाय बाहेरून करायचा: अॅल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल शीट कापून कप्प्याकप्प्यांत दाबून बसवा, किंवा न वाळणारी पुट्टी लावा. मोठ्या सपाट भागांपासून सुरू करा आणि दर तुकड्यानंतर पुन्हा टकटक करून बघा. ‘टण्ण’ जाऊन ‘ठक्’ आला की थांबा. वाळून कडक होणारे लेप लावू नका. ते काढता येत नाहीत, आणि ब्युटाइल मात्र गरम हवेने निघतं. हॉर्नच्या आत काहीच लावायचं नाही.

## ७. मधल्या स्वरांची पातळी

बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: आवाज ओरडतो. यामागे इतिहास आहे. ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिका १९४५ मध्ये चित्रपटगृहांसाठी आली. तिथे स्पीकर छिद्रांच्या पडद्यामागे असत आणि प्रेक्षक बरेच दूर. पडदा वरचे स्वर खातो, अंतरही खातं. तेच खोके तीन मीटरवर बसून ऐकले तर वरची बाजू जास्तच वाटणार.

८ ओहमच्या ड्रायव्हरला ३ डेसिबल कमी करायचं असेल तर मालिकेत सुमारे २.२ ओहम आणि ड्रायव्हरला समांतर २० ओहम. ६ डेसिबलसाठी मालिकेत ३.९ आणि समांतर ८.२. १६ ओहमच्या ड्रायव्हरला हे आकडे दुप्पट करा. रेझिस्टर निदान १० वॅटचे घ्या.

क्लिप्शच्या जुन्या मॉडेलमध्ये या कामासाठी ऑटोट्रान्सफॉर्मर आहे आणि टॅप (त्याच्या गुंडाळीतून मध्येच काढलेली जोडणी) बदलून पातळी उतरवता येते. नवखे लोक इथेच हमखास अडकतात: दर ३ डेसिबल घटीला क्रॉसओव्हरला दिसणारा ड्रायव्हरचा इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा रोध) दुप्पट होतो. म्हणजे टॅप एक पायरी खाली नेला तर पुढचा १३ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर निम्म्यावर आणावा लागतो. तो तसाच ठेवला तर हॉर्न ठरल्यापेक्षा एक सप्तक खालून वाजायला लागतो आणि नवीनच गढूळपणा येतो.

## ८. वेळ जुळवणं, आणि डीएसपी

आवाज १ मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. ५०० हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबीही साधारण तेवढीच. म्हणजे क्रॉसओव्हर ५०० हर्ट्झवर असताना वूफर आणि वरचा ड्रायव्हर यांच्यात ३४ सेंटिमीटरची तफावत पडली, तर दोघे एकमेकांच्या विरुद्ध चालतात आणि आलेखात खड्डा पडतो. हॉर्न कॅबिनेटच्या वर सुटा ठेवलेला असेल तर तो मागे-पुढे सरकवून मोजता येतं. क्लिप्शहॉर्नसारख्या घडी घातलेल्या बेस हॉर्नमध्ये आवाजाचा मार्गच लांब असतो, तिथे सरकवून भागत नाही. डीएसपीचा (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या उपकरणाचा) विलंबच लागतो.

डीएसपी घेतलात तर दर सप्तकाला २४ डेसिबल उतरणारा लिंकविट्झ-रायली प्रकारचा फिल्टर लावा, वरच्या ड्रायव्हरची ध्रुवता मुद्दाम उलटी करा आणि क्रॉसओव्हरच्या जागी खड्डा सगळ्यात खोल होईपर्यंत विलंब बदलत जा. मग ध्रुवता सरळ करा. ही युक्ती साध्या एका कॅपॅसिटरच्या मूळ क्रॉसओव्हरला लागू होत नाही.

अॅम्प्लिफायर थेट कम्प्रेशन ड्रायव्हरला जोडण्याआधी मध्ये संरक्षक कॅपॅसिटर टाकाच. ८ ओहमला १०० मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे २०० हर्ट्झखालचं अडवलं जातं आणि ५०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला फारसा धक्का बसत नाही. हा कॅपॅसिटर नसेल, तर अॅम्प्लिफायर सुरू होतानाचा एक ‘धप्प’ डायफ्राम घेऊन जातो.

नव्या रचनेचा, सगळीकडे सारखा पसरवणारा हॉर्न लावण्याचा विचार असेल तर आधीच माहीत असू द्या: अशा हॉर्नवर साधारण ३ ते ४ हजार हर्ट्झच्या वर आवाज उतरत जातो आणि तो इक्वलायझरने उचलावा लागतो. ड्रायव्हर बिघडला असं समजून डायफ्राम बदलू नका. घशाचं मापही बघा. आल्टेक २८८ चा घसा १.४ इंची आहे, जेबीएल ३७५ चा २ इंची. अडॅप्टरने जोडता येतात, पण जोडावर पायरी राहिली की वरचे स्वर विस्कटतात.

## ९. खोलीत बसवताना

क्लिप्शहॉर्नला दोन खरे कोपरे हवेतच. कोपऱ्याजवळ दार-खिडकी असेल तर मजबूत फळ्यांचा खोटा कोपरा करा. ला स्काला कोपऱ्याशिवाय चालतो, पण त्याचा बेस हॉर्न लहान आहे आणि ६० हर्ट्झखाली फारसं काही देत नाही. तिथे सबवूफर जोडा आणि ७० ते ८० हर्ट्झपासून वरचं काम ला स्कालाकडेच राहू द्या. सबवूफरची पातळी मायक्रोफोनने बसण्याच्या जागी मोजून ठरवा, आणि त्याला लागणारा विलंब बेस हॉर्नच्या मार्गाच्या लांबीनुसार पुन्हा जुळवा.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, जुना डायफ्राम, कॉइल, न पाझरणारा कॅपॅसिटर, फोमचा नमुनासुद्धा, पिशवीत घालून डावा की उजवा ते आणि तारीख लिहून कॅबिनेटच्या मॉडेलच्या नावाने एका खोक्यात ठेवा. वहीतले आलेखही त्याच खोक्यात.